श्री. सावड, राहणार जांभळवाडी

बाईजाच्या तोंडून 'साहेब' हा शब्द उभ्या जन्मात कुणी ऐकला नाही. सिद्धगडाच्या पायथ्याशी जांभळवाडीत तिचं सासर. तिथं सगळ्यांना एकच हाक, 'भाऊ' नाहीतर 'बाय', आणि सगळ्यांना अरे-तुरे. मुरबाडहून आलेला एक कारकून एकदा भडकला, "मला अरे-तुरे करतेस?" तर ही म्हणाली, "आमी देवालाबी तूच म्हनतो, भाऊ. तो नाय कदी रागावला."

देवाशीही तिचं असंच सरळ. वेशीवरच्या दगडाला शेंदूर लावायला वाडीत पुजारी नव्हता. ज्याला आठवण येईल त्यानं लावावा. मधे कुठला एक भगत येऊन बसला नि म्हणाला, माझ्याबिगर देव बोलायचा नाय. बाईजा म्हणाली, "बोलत नाय तेच बरं हाय. बोलाया लागला तर पयलं तुझंच नाव घेईल." भगतानं दुपारच्या आत वाडी सोडली.

नवरा विठू गरीब स्वभावाचा. "अगो, कुनाला तरी मोठं मानावं मानसानं," तो म्हणायचा.

"मानते की! आंब्याला मानते. सावली देतो नि हुकूम करत नाय."

अशी ही बाई सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात मात्र घाबरली. वाडी आणि शाळा यांच्या मधे ओहळ. पावसाळ्यात तो फुगला की पोरं दोन-दोन महिने घरी. तिची दामिनी सातवीत जायची होती. गुरुजींनी सांगून टाकलं, औंदा गैरहजर राहिली तर नाव कमी करावं लागेल. आणि शाळेतलं नाव कमी झालं की पोरीला स्थळं येणार, ही वाडीची रीत. स्वतः कुणाच्या हुकमात राहिली नाही ती, आणि पोरीला तेराव्या वर्षी हुकमात घालायची?

ओहळावर पूल मंजूर होता. अकरा वर्षं नुसता मंजूरच होता! एक पुढारी म्हणाला, माझ्या नावाची पाटी लावणार असाल तर साकव घालून देतो. बाईजा म्हणाली, "पाटीवरनं चालत जायाचं का पोरांनी?" मग ती घरोघर फिरली आणि एवढंच सांगून आली, "उद्या सावड."

सावड म्हणजे आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. ना मुकादम, ना मजुरी. भातलावणीची ही जुनी रीत बाईजानं ओहळावर नेली. ठकीच्या बांधावरचा पडलेला आंबा, अनंताच्या बेटातले बांबू, घरटी एक दोर. भांडणं बक्कळ झाली. हुकूम करायला कुणी नसलं की ती व्हायचीच. एक खांब तर तीनदा उपटून तीनदा रोवला. पण सहाव्या दिवशी साकव उभा राहिला आणि दामिनी त्यावरून पहिली पळत सुटली. बाईजाला धड हसू येईना, धड रडू आवरेना. "कशी पलते बघा माझी बाय!"

आठवड्यात बांधकाम खात्याचे साहेब आले. बाईजा म्हणायची नाही, पण आपण म्हणू. लांबच्या मुलखातले, इकडं नवे. "मंजूर पुलाच्या जागी विनापरवाना बांधकाम! कुणी बांधलं हे?"

"सावडीनं," सगळे एका सुरात म्हणाले.

"हा सावड राहतो कुठे?"

अनंताला राहवलं नाही. "हितंच. पन एका जागी सापडायचा नाय. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या."

"मुख्य माणूस तोच ना?"

"तर! त्याच्याबिगर पान हालत नाय."

साहेबांनी नीट लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी पत्र हजर: 'श्री. सावड, रा. जांभळवाडी, यांस. सदर बांधकाम आपण स्वतः काढून टाकावे, अन्यथा तोडण्यात येईल.' दामिनीनं वाचून दाखवलं आणि वाडी पोट धरधरून हसली. बाईजाही हसली, पण 'तोडण्यात येईल' एवढं तिनं पोरीकडून दोनदा वाचून घेतलं.

जुलैत साहेब खरंच आले. बरोबर बुधू नावाचा मजूर आणि कुऱ्हाड. बेकायदा साकवावर पाय ठेवायचा नाही म्हणून पँट दुमडून गुडघाभर पाण्यातून आले.

"बाई, श्री. सावड यांना बोलवा."

"लावनीला गेलाय. तू बस, चा पी."

साहेबांनी चहा घेतला, पंचनाम्याची चार पानं लिहिली. तोवर वर सिद्धगडावर पाऊस कोसळला आणि ओहळ दोन्ही काठ भरून धावू लागला. साहेब काठावर येऊन थबकले. पल्याड शाळा सुटली होती. एकोणीस पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन उभी, सगळ्यांत पुढं दामिनी. कुऱ्हाड बघून ती साकवाच्या तोंडाशीच थांबली.

बुधूनं कुऱ्हाड खांद्यावरून खाली ठेवली. "तोडतो, साहेब. पन आदी पोरं अल्याड येऊ दे. मंग आपन पल्याड जाऊ. मंग सांगा, तोडू का?"

पोरं आली. मग साहेबांनी साकवावर एक पाय ठेवला. साकव जरा हलला, तसा तो पाय मागं आला. एव्हाना लावणीवरची माणसं चिखलाच्या हातांनी धावत आली होती. कुणी सांगितलं नाही, पण ती आपली साकवावर अंतराअंतरानं उभी राहिली. पहिली बाईजा. तिनं हात पुढं केला.

"धर. नि जपून रे भाऊ, बेकायदा हाय!"

एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, असे साहेब पल्याड पोचले. मागून त्यांची फाईल अनंताच्या डोक्यावरून गेली.

त्या पावसाळ्यात दामिनीचा शाळेचा एक दिवस बुडला नाही. दसऱ्याच्या सुमारास कचेरीचं पत्र आलं, तेही तिनंच वाचलं: 'सावड नावाचा इसम प्रत्यक्ष पाहणीत आढळून आला नाही. सबब तोडकामाची कारवाई बंद करण्यात येत आहे.'

"आढलला नाय?" बाईजा पदरानं डोळे पुसत हसायला लागली. "अगो, त्याचाच तर हात धरून पल्याड गेला तो!"