होडीच्या बुडाला भोक

मला वाटलं होतं, होडी गावात आली की लोक विचारतील, ही नुसत्या वाऱ्यावर चालते तरी कशी?

पहिल्या दिवशी पहिल्या माणसानं विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

इंग्लंडमध्ये शिकत असताना मी सुट्टीच्या दिवशी शिडाची होडी चालवायला शिकले. तिथंच हे खूळ डोक्यात शिरलं. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावपासून तासाभरावर धरणाचं एवढं मोठं पाणी पसरलंय आणि काठावरच्या माणसाला त्याची नुसती भीती. दरवर्षी कुणीतरी बुडतं. लोक म्हणतात, "पाण्यानं माणूस मागितला." चार दिवसांनी तेही म्हणत नाहीत. मी ठरवलं, परत जायचं, एखादी जुनी होडी घ्यायची, घरीच नीट करायची आणि गावातल्या मुलींना पोहायला आणि होडी चालवायला शिकवायचं. तिकडची नोकरी नाकारताना मी जे काही लिहिलं होतं, ते आता वाचवत नाही. दर दोन ओळींना 'माझी माणसं'!

ती होडी वर्षभर दत्ताकाकांच्या वर्कशॉपच्या अंगणात होती. दत्ताकाका माझे चुलते, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. त्या अंगणात रोज चहाला बसणारी मंडळी ठरलेली. त्यामुळं हे किस्से मला गोळा करावे लागले नाहीत. वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या भंगारासारखे आपोआप साठले. टाकणारे सगळे, उचलणारं कुणी नाही.

*

होडी हैदराबादच्या एका बंद पडलेल्या क्लबच्या शेडमध्ये मिळाली. ट्रकवाल्यानं ती वारंगा फाट्यावर उतरवली, उलटी. काका ट्रॉली घेऊन येईपर्यंत चहाच्या हॉटेलातली सगळी गर्दी भोवती जमली.

एक जण म्हणाला, "हळद शिजवायची कढई हाय."

दुसरा म्हणाला, "येड्या, कढईच्या बुडाला भोक असतंय का?"

पहिल्यानं वाकून पाहिलं. "मंग भंगारातली कढई हाय!"

बुडाला भोक होतंच. हातभर लांब, चार बोटं रुंद फट. काका आले, फटीत हात घालून बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "माय, हे तर फाटकंच दिलं तुला."

मी समजावून सांगितलं. ह्या फटीतून वरून एक फळी पाण्यात सोडायची. नांगराचा फाळ जसा मातीत धरून राहतो, तशी ती पाण्यात धरून राहते. फळी नसेल, तर वारा ढकलेल तिकडंच होडी जाणार. फळी असेल, तर वाऱ्याच्या उलटंसुद्धा परत येता येतं.

"हां हां, बराबर," काका म्हणाले.

मग ट्रॉलीच्या ड्रायव्हरकडं वळून हळूच म्हणाले, "शिकलेल्या लेकराला कोणीबी फसवतंय बघ!"

*

आईनं शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, लेकीचं सामान ट्रकनं येऊन राहिलंय. गल्ली बघायला आली. ट्रॉलीवरून होडी उतरली. आईनं तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"लोकाच्या लेकी बाहेरून सोनं आणतात," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पुढं दोन महिन्यांनी स्थळ आलं. मी होडीचा जुना रंग खरवडत होते. पाहुणे न सांगता तासभर आधी आले. डोळ्यांवर चष्मा, तोंडाला रुमाल, केस धुळीनं पांढरे झालेले, असा माझा अवतार.

मुलाच्या मामांनी आईला विचारलं, "मुलगी काय करते?"

आई म्हणाली, "होडी."

"आन् नंतर?"

पाहुणे पोहे खाऊन गेले, ते गेलेच.

*

भाऊ आमच्या भागातले पुढारी. पद कुठलंच नाही, पण फ्लेक्स प्रत्येक खांबावर! त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. मी चार दिवस फळ्यांना लावायची राळ आणायला हैदराबादला गेले आणि काकांनी होडी वरातीला देऊन टाकली. नवरदेव होडीत, होडी ट्रॉलीवर, पुढं डीजे.

मी परत आले तेव्हा होडीच्या नाकावर थर्माकोलचे दोन हंस चिकटवलेले होते आणि नवी बसवलेली बसायची फळी मधोमध मोडलेली.

मी ओरडले. काका म्हणाले, "अगं, सहा माणसं नाचली तिच्यात! सहा! अन् बूड जरासुदिक हाललं न्हाई. लई मजबूत माल हाय. तूच उगंच काळजी करून राहिली."

भाऊंनी मोडलेल्या फळीबद्दल मला शाल आणि श्रीफळ दिलं.

*

रंग होत आला तशी नावाची चर्चा सुरू झाली. एकाच आठवड्यात तीन वेगवेगळी टोळकी येऊन गेली. प्रत्येकानं एक-एक थोर नाव सुचवलं. तिघांचीही नावं खरोखरच थोर होती. प्रत्येकाचं जाताना शेवटचं वाक्य तेच, "त्या दुसऱ्यांचं नाव टाकलं तर मंग बघा!"

मी होडीवर 'होडी' असं लिहिलं.

चौथं टोळकं आलं. "आमच्या विरोधात हे कोणी सांगितलं तुमाला?"

*

कांबळे मॅडम शाळेच्या मुख्याध्यापिका. ह्या सगळ्या काळात अंगणात येऊन ज्यांनी काहीच सुचवलं नाही अशा त्या एकट्याच. एका दुपारी आल्या, होडीच्या कडेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या शाळेतल्या दोघी बहिणी सुट्टीत मामाच्या गावी धरणावर कपडे धुवायला गेल्या होत्या. एकीचा पाय घसरला, दुसरी तिला धरायला गेली.

"मी मुली पाठवते," मॅडम म्हणाल्या. "पण आधी तू आयांना दाखव. त्यांच्यासमोर होडी घेऊन जायचं आणि त्यांच्यासमोर परत यायचं. भाषण करू नकोस. नुसती परत ये."

"एवढंच?"

"एवढंच म्हणू नकोस गं. पाण्यात गेलेलं परत येतं, हे ह्या बायकांनी कधी पाहिलेलंच नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदानं. मला वाटलं, ह्यासाठीच तर आपण आलो.

*

शीड रशीदभाईंनी शिवलं. रशीदभाई मंडपाचे आणि ताडपत्रीचे जुने कारागीर. काम असं सुरेख की टीप बघत राहावी. पांढरी जाड ताडपत्री, कडेला दुहेरी मुडप, कोपऱ्यांना पितळी कड्या. मी उघडून उन्हात धरलं आणि माझ्या तोंडावर आणि अंगणभर उजेडाचे ठिपके पडले.

शिडाला अर्धचंद्राच्या आकाराची भोकं होती. ओळीनं, मापात.

"रशीदभाई, ही भोकं?"

"बेटा, हवेला रस्ता ठेवावा लागतो. न्हाई तर सगळं फाडून जाते ती. तीस साल झाले, आपला एक फ्लेक्स, एक मंडप फाटला न्हाई."

"पण मला हवा अडवायचीच आहे!"

रशीदभाईंनी काकांकडं पाहिलं. काकांनी मान खाली घातली. माझ्यामुळं त्यांना लाज वाटली, हे दिसत होतं.

शेवटी भोकं बुजवायला दुकानात जे पडलं होतं ते वापरलं, भाऊंच्या गेल्या वाढदिवसाचा फ्लेक्स. शिडावर कुठं भाऊंची मिशी आली, कुठं गॉगलची काच, कुठं 'शुभेच्छुक'.

भाऊ बघायला आले. शिडावरच्या मिशीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता चिडणार.

"सगळाच घ्यायचा ना," भाऊ म्हणाले. "अर्धाच काहून?"

*

दाखवायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मी लाइफ जॅकेटं आणायला हिंगोलीला गेले. सकाळी काका होडी ट्रॉलीत घालून थेट काठावर घेऊन आले, वरून ताडपत्री झाकून, नवरीसारखी.

मॅडमनी जीप भरून आया आणल्या होत्या. मुली त्यांच्या पदराला धरून. बुडालेल्या दोघींची आईही आली होती, सगळ्यांच्या मागं उभी. भाऊ माइक घेऊन आले होते. त्यांनी होडीच्या नाकावर नारळ फोडला, त्यात रंगाचा टवका उडाला.

मी होडी गुडघाभर पाण्यात नेली, चढले, शीड वर केलं. भाऊंची मिशी वाऱ्यानं फुगली. लोक हसले. मग मी मधली फळी फटीत सोडली.

ठक.

पुन्हा सोडली. ठक.

काठावर काकांचा चेहरा आनंदानं फुलला होता. "बुजवलं ते!" ते ओरडले. "काल दिवसभर बसून बुजवलं. पत्र्याची पट्टी, बारा स्क्रू, वरून लांबीचा लगदा भरला, वरून रंग! सगळ्या गावासमोर पाणी शिरलं असतं म्हंजी तुझी काय इज्जत राह्यली असती, माय?"

बायका काकांकडं कौतुकानं बघू लागल्या. माइकवर भाऊ म्हणत होते, "आपल्या गोरेगावची कन्या, आज ह्या ठिकाणी..."

थांबावं असं वाटलं. पण थांबायचं तर कारण सांगावं लागलं असतं, माइकवर, काकांच्या देखत. वारा आमच्या काठावरून पलीकडं वाहत होता. मी पाहिलं, काका अजून हसत होते.

मी शिडाची दोरी ओढली.

होडी काय गेली म्हणून सांगू! पाठीमागून टाळ्या, शिट्ट्या. एका मुलीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "आई, बघ ना, चालली!" मध्यावर मी वळवून पाहिली. ओल्या साबणासारखी आडवी घसरली. पुन्हा वळवली, पुन्हा घसरली. एक वल्हं होतं, ते मारलं. हात सोलले. काठ लहान होत गेला, मग बायकांच्या साड्यांचे रंग एकमेकांत मिसळले, मग काहीच दिसेना.

पलीकडच्या काठावर बाभळी होत्या आणि दगडावर कपडे धुणाऱ्या दोघी. होडी चिखलात रुतली. त्यातली वयस्क बाई हातातलं लुगडं पिळत जवळ आली. शिडाकडं पाहिलं, मिशीकडं पाहिलं.

"कोण्या गावची गं?"

"गोरेगावची. मला तिकडं परत जायचं होतं, पण..."

ती ऐकत नव्हती. लुगडं खांद्यावर टाकून तिनं एक पाय होडीत ठेवलासुद्धा होता.

"दोघी मावतील का ह्याच्यात?" तिनं विचारलं. "मला अन् हिला बसायचंय."

होडी बाभळीला बांधून मी रस्त्यानं निघाले. कुणाच्या मोटरसायकलवर, मग जीपमध्ये, असं करत दिवेलागणीला घरी पोचले. अंगणात मंडळी बसलेली. भाऊंनी तोवर सगळ्यांच्या मोबाइलवर माझा फोटो पाठवला होता, 'गावच्या कन्येने धरण पार केले!' कन्या परत जीपनं आली, हे फोटोत दिसत नाही.

मॅडमचा फोन आला. "आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो होतो," त्या म्हणाल्या. "मग बायका मुलींचे हात धरून निघाल्या. त्या दोघींची आई तेवढी अजून काठावरच बसून होती. तिला उठवायला लागलं."

फोन ठेवला तर काका चहा घेऊन समोर उभे.

"मी त्या पलीकडच्या गावातल्या सोयऱ्याला फोन लावला होता. तो बघून आला," ते म्हणाले. "एक थेंब शिरला न्हाई, माय. एक थेंब!"

सकाळी उठले तर काकांनी होडी आणायला ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून ठेवली होती. ट्रॉलीत गवत अंथरलेलं, टवके उडू नयेत म्हणून. मी म्हटलं, "नको काका. होडी तिथंच राहू द्या, तिथं दोघींना बसायचंय. मीच तिकडं जाते."

"किती दिवस?"

मी वर्कशॉपमधून छिन्नी घेतली, हातोडी घेतली, पिशवीत घातली आणि फाट्यावर जाऊन जीपमध्ये बसले. जीप सुरू झाली, तरी काका बाजूनं चालत होते.

"अगं पण," ते खिडकीतून ओरडले, "छिन्नी काहून नेऊन राहिली?"