खिंडीतला टहाळा

डोळे मिटायचे नाहीत असं मी ठरवते, आणि पापण्या माझं ऐकत नाहीत. खिंडीतल्या झाडाला पाठ टेकलेली, एक बूट काढलेला, सकाळचं ऊन गुडघ्यावर. अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय. आजऱ्याहून डोंगराडोंगरांतून एकटी इथवर चालत आले. आता घाट उतरला की सावंतवाडी. पण खाली गच्च रान आहे, आणि मघाशी त्यात काहीतरी मोठं खसपसलं. माझ्या मुलाचा, सर्वेशचा, फोन येऊन गेला. "आई, तिथंच थांब. वरच्या डांबरी रस्त्याला गाडी आणतो. पुष्कळ झालं आता." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

समोर टहाळ्यांचा ढीग आहे. इथली रीत अशी, की खिंड ओलांडणाऱ्यानं देवाला हिरवा टहाळा वाहायचा, आणि एकदा वाहिला की मागं फिरायचं नाही. माझा टहाळा अजून मांडीवरच.

"वहिनी, झोपा काढायला आलीस होय इथं?"

वन्सं! माझी मोठी नणंद, कुमुद. जाऊन दोन वर्षं झाली. फुलाफुलांचं पातळ, आणि खाली पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज. मला हसूच फुटतं.

"हे बूट कुठून आणलेत?"

"तिकडं मिळतात. आणि चावत नाहीत."

हा सगळा बेत मूळचा त्यांचाच. माहेर आजरा, सासर सावंतवाडी, आणि एसटी घाटात वळली की वन्संना उलटी. दर माहेरपणाला हिरव्यापिवळ्या होऊन उतरायच्या नि म्हणायच्या, वहिनी, एकदा पायीच जाऊ आपण.

"तेव्हा का नाही जमलं हो आपल्याला?"

"तुझ्या कुरडया वाळायच्या होत्या ना!"

आम्ही चालतोय. अंगठा दुखत नाही. पायाखाली पाचोळा आहे, मग आमच्या स्वयंपाकघरातली फरशी आहे. करवंदीच्या जाळ्या खिडकीतून आत शिरून थेट फडताळापर्यंत पोचल्यात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. ओट्यावर दूध वर येतंय. वन्सं गॅस बंद करतात, मागचं दार ढकलतात, आणि परसाच्या जागी सावंतवाडीचा मोती तलाव! पाणी नुसतं लखलखतंय. काठावर माणसं निवांत भजी खातायत.

"वन्सं, पोचलो!" मी लहान पोरीसारखी त्यांचा पदर ओढते.

"मी पोचलेय. तू अजून बसून आहेस."

खरंच बसलेली असते. पुन्हा झाड, पुन्हा ढीग. वन्सं कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभ्या.

"ठेव तो टहाळा."

"तुम्ही आधी ठेवा."

"माझा कधीच ठेवून झालाय," त्या म्हणतात. "म्हणून तर मला मागं येता येत नाही."

मी टहाळा मागं ओढते. "मग मी ठेवला, तर मीसुद्धा...?"

वन्सं जी हसायला लागतात ती थांबतच नाहीत. डोळ्यांना पदर लावतात. "अगं वेडे, तुझ्या खिंडीपलीकडं सावंतवाडी आहे! नीट बघ तरी. एवढी घाई करू नकोस माझ्याकडं यायची. मला इथं जरा शांतता आहे."

"तुम्ही चला ना माझ्याबरोबर. खालपर्यंत."

"आणि सर्वेश गाडी घेऊन आला तर मला काय डिकीत घालणार? ऊठ."

"पाच मिनिटं, वन्सं."

"ऊठ म्हणते ना!" आणि कचकन चिमटा.

मी दचकून जागी होते. ऊन गुडघ्यावरून घोट्यापर्यंतच सरकलंय. आसपास कुणी नाही. रानात एक पक्षी स्वतःशीच काहीतरी भांडतोय. डाव्या दंडावर दोन नखांचा लालबुंद ठसा उमटलाय. मुंगी म्हणावं, तर मुंगीला नखं नसतात.

टहाळा ढिगावर ठेवते. चांगला दाबून ठेवते. मग सर्वेशला फोन लावते.

"वर येऊ नकोस रे. भेटायचंच असेल तर तळ्याकाठी ये."

"आई, अगं पण एकटी?"

"आता मागं फिरता येत नाही," मी सांगते, आणि त्याला काही सुचायच्या आत फोन ठेवते.

बूट चढवते. अंगठा बोंबलतो. दंड त्याहून जास्त झोंबतो, आणि मी त्याला न चोळता उतरायला लागते.