ओहोटीचं ऊन

परतवाड्याच्या बसस्टँडवर बाबांनी माझी बॅग डिकीत ठेवली, तेव्हा आई खिडकीखाली उभी होती. मी रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षिका म्हणून निघाले होते. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "नोकरी हाय म्हून जाऊ देतो. तीन वर्षांत बदली करून घेजो अन् वापस ये."

तिनाची नऊ वर्षं झाली.

परतवाड्यात राहिलेले तुम्ही सगळे फोनवर विचारता, समुद्र रोज दिसतो का. शाळेच्या व्हरांड्यातून दिसतो. पण दोन वर्षं झाली, मी किनाऱ्यावर गेलेली नाही. का, ते आज लिहिते. माझ्यासारखे जे दूर गेलेत त्यांनीही वाचावं.

शेजारच्या गावच्या शाळेत प्रमोद होता. अकोल्याहून अकोटकडे जाताना लागणाऱ्या एका खेड्यातला. रविवारी तो खोलीवर कणकेचे रोडगे भाजायचा आणि मला अन् निलमला बोलवायचा. निलम माझ्याच शाळेत शिकवते, इथलीच आहे. इथे आल्यावर माझ्या बोलण्यातलं 'मले-तुले' पहिल्या वर्षातच गेलं होतं, कारण पोरं हसायची. प्रमोदपुढे ते आपोआप परत यायचं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी निलमच्या आत्याने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. आत्याचं गाव खाडीपलीकडे. रस्त्याने मोठा वळसा पडतो, पण ओहोटीला खाडीचं मुख पायी ओलांडता येतं. त्या दिवशी ओहोटी भर दुपारी होती. आम्ही तिघं निघालो आणि प्रमोदच्या शाळेजवळचा तांबू हा कुत्रा मागे लागला. प्रमोदने त्याला कधी हाकललं नाही.

वाळू पायाला भाजत होती, वारा पडला होता. मोबाइल पस्तीस डिग्री दाखवत होता. प्रमोद हसला. "पस्तीस? अकोल्यात एवढ्यात तं लोकं स्वेटर घालते!"

अर्ध्या वाटेवर तांबू सुरूच्या झाडांखाली ओली वाळू उकरून आडवा झाला. हाका मारल्या तरी हलेना. प्रमोदने ओंजळीत धरून आपल्या बाटलीतलं निम्मं पाणी त्याला पाजलं. प्रमोदचा शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता आणि चेहरा लाल झाला होता.

निलम म्हणाली, "इथला घाम सुकत नाही. सावलीत बसूया, नाहीतर मागे फिरूया. आत्याला मी सांगते."

प्रमोद थांबलाही. हे मला नीट आठवतं. तो थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आमच्याकडे याहून कडक उन्हात बाया वावरात धसकटं वेचतात. चाल रे, काय पुण्याचा हायेस का?"

तो चालला.

खाडीच्या अलीकडे त्याने मला कधी नव्हे ते ताई म्हणून हाक मारली आणि अकोटची बस लागली का, असं विचारलं. मला वाटलं, मस्करी करतोय. मग तो गुडघ्यांवर बसला आणि कलंडला. अंग तव्यासारखं तापलेलं. आम्ही त्याला ओढत पाण्यापाशी नेलं, ओढणी भिजवून डोक्यावर धरली. निलम धावत जाऊन पलीकडून चार माणसं घेऊन आली. मासळीच्या टेम्पोतून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी तो गेला. बत्तीस वर्षांचा होता.

त्याच्या वडिलांना मीच फोन केला.  ते म्हणाले, "उनानं? बाई, आमी अकोल्याचे हाओ. आमच्या पोराले उनानं काय होते?"

अँब्युलन्समधून मी त्याच्याबरोबर गावी गेले. त्याच्या आईने माझे दोन्ही हात धरून विचारलं, "तू होती ना त्याच्यासंगं?" मी होते म्हणाले. पुढचं सांगितलं नाही. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत परतवाड्याला जाताना मी आधी त्यांच्याकडे उतरायचे. ती मला जेवू घालायची. पोराची जिवाभावाची मैत्रीण म्हणून शेजारणींना दाखवायची. 

गेल्या दिवाळीत मी सांगून टाकलं. निलमने मागे फिरायला सांगितलं होतं, तो थांबला होता, मीच त्याला चिडवून पुढे नेलं.  त्याची आई उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. वडील मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले. बस दिसल्यावर म्हणाले, "बरं केलं सांगतलं. पण आता येत नको जाजो, बाई."

आता मी त्यांचं गाव टाळून अमरावतीवरून घरी जाते. आई विचारते, "बदलीचा अर्ज काहून नाई भरला?" मी म्हणते, भरीन. परतवाड्यात तुम्ही सगळे माझ्याशी प्रेमाने वागता. आजवर तुम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं, म्हणून ते प्रेम मला घेता येत नाही.

इथे मधल्या सुट्टीत निलम माझ्या शेजारी बसते. त्या दिवशी मी काय बोलले ते तिने ऐकलं होतं. दोन वर्षांत तिने तो विषय काढला नाही आणि मला माफ केलं असंही कधी म्हणाली नाही. डबा उघडते आणि माझ्यापुढे सरकवते. सध्या माझं घर तेवढंच आहे.