सहाची रेघ

त्या विमानाच्या इंजिनात तेल आठच्या रेघेपर्यंत मावायचं, पण आमचे मिस्त्री ते सहावरच ठेवायचे. सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या धावपट्टीवर मी तेव्हा विमान चालवायला शिकत होतो. मिस्त्री फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सहाच का, हे त्यांना विचारायची मला गरजच वाटली नाही. मी सांगलीकडच्या ऊसवाल्याचा मुलगा. आमच्या ट्रॅक्टरचं तेल वरच्या रेघेला टेकलं नाही तर वडील घर डोक्यावर घेत, आणि पाहुण्याची रश्श्याची वाटी काठोकाठ नसली तर आई. म्हातारा कंजूष आहे असं ठरवून एका सकाळी मी दोन बाटल्या ओतल्या. तेलाच्या वहीत लिहिलं मात्र नाही.

उतरलो तेव्हा विमानाचं पोट तेलाने माखलं होतं. प्रशिक्षकांनी सगळ्यांदेखत मिस्त्रींना विचारलं, "काय सैल ठेवलंत?" त्यांचं वय झालंय अशी कुजबुज होतीच. त्यांना ठेवायचं की नाही, हे त्याच महिन्यात ठरणार होतं. मला ते पक्कं ठाऊक होतं, तरी मी मूग गिळून उभा राहिलो.

ते विमानाखाली उताणे पडून एकेक जोड तपासत राहिले. कुठेच गळती नव्हती. मग त्यांनी तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली आणि माझ्याकडे आले.

"सकाळी म्या सहा ठेवलं. एवढं सांडूनबी सात दावतंय. जादा झालं की इंजिन भायेर फेकतंय. तुमी वतलं व्हय?"

"नाही काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि प्रशिक्षकांकडे जाऊन सांगितलं, "तेल माझ्याकडनंच जास्त पडलं, साहेब."

खरं सांगायला अजूनही वेळ होता. मी बूट पाहत बसलो. त्या बुटांची आठवण आली तरी आजही मला माझी किळस येते.

महिनाअखेरीला त्यांना घरी पाठवलं. तोवर रोज सकाळी ते रांगेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचारत, "तेल किती?" आणि उत्तर ऐकून पुढे जात. माझ्यापाशी आले की काही विचारत नसत. स्वतःच डिपस्टिक काढून बघत.