लाल गाडी आणि चतुर्थी

अमेरिकेत आले त्या पहिल्या हिवाळ्यात मला इंग्रजी बोलायची धास्ती होती, आणि नवरा ऑफिसला गेला की दुपार खायला उठायची. तेव्हा टीव्हीवर ती जुनी मालिका लागायची. आगीचा बंब, त्याच्यासोबतची लाल गाडी आणि रेडिओवरून हॉस्पिटलशी बोलत रस्त्यावरच माणूस वाचवणारे दोन पॅरामेडिक. कल्ले वाढवलेले, कधीही आवाज न चढवणारे. माझं निम्मं इंग्रजी त्यांचंच. अजूनही त्या मालिकेचं सुरुवातीचं संगीत ऐकलं की ते रिकामं अपार्टमेंट आठवतं आणि, खरं सांगते, गलबलून येतं.

गेल्या हिवाळ्यात आई-बाबा नेपरव्हिलला माझ्याकडे राहायला आले आणि जुन्या मालिकांच्या चॅनेलवर ती पुन्हा सापडली. बाबांना तर वेडच लागलं. त्यात नेहमी कुणीतरी नातेवाईक पॅरामेडिकपासून काहीतरी लपवायचा, आणि बाबा सोफ्यावरून ओरडायचे, "अरे, बोल ना! माणूस जाईल!" आई म्हणायची, "अहो, त्याला मराठी येत नाही."

त्या दुपारी बर्फ पडत होतं. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. बाबांची घाबरलेली हाक आली. खाली धावले तर आई सोफ्यावर कलंडलेली, घामानं चिंब, आणि जड जिभेनं काहीतरी पुटपुटत होती. एक शब्द लागत नव्हता. मला वाटलं, पॅरालिसिसचा झटका. मी नाइन वन वन लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि पुढचं दार उघडून ठेवलं. मालिकेत दार बंद असलं की केवढा वेळ जायचा!

तेवढ्यात बाबा स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आले. साखरपाणी होतं.

"दोन चमचे पाजू दे तिला."

"बाबा, नको! तिला गिळता येत नाहीये. घशात अडकेल."

"अगं, पाजू दे म्हणतो ना!"

मी त्यांचा हात घट्ट धरला. फोनवरची बाईही तेच सांगत होती, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. ओढाताणीत वाटी कार्पेटवर सांडली. बाबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच आईच्या जिवावर उठले होते. मला त्यांचा भयंकर राग आला. आई आता पुटपुटतही नव्हती.

सायरन वाजला आणि दारापाशी येऊन थांबला. एक बाई आणि एक तरुण, बर्फाच्या बुटांनिशी थेट आत. बाई आईजवळ गुडघ्यांवर बसली, तो बॅग उघडू लागला.

"डायबेटिस आहे?"

"आहे. रोज गोळी घेते."

"आज काही खाल्लं?"

"हो, सकाळी पोहे," मी म्हटलं. मीच तर झाकून ठेवले होते.

बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि मी जवळजवळ किंचाळले, "बाबा, बोला ना! माणूस जाईल!"

"तिनं खाल्लं नाही," ते म्हणाले. "आज संकष्टी आहे. तू चिडशील म्हणून सांगू नको म्हणाली."

"आणि गोळी?"

"घेतली. गोळी चुकवणार नाही, असा तुला शब्द दिला होता ना तिनं."

गणपतीलाही शब्द, मलाही शब्द. धन्य बाई! मी भराभर इंग्रजीत सांगितलं. आईच्या बोटावरचं रक्त तपासून तरुणानं मान हलवली, साखर पार तळाला गेली होती. बाईनं शिरेत सुई घातली, ग्लुकोज सुरू केलं. आम्ही दोघं बघत राहिलो. बाबांनी कधी माझा हात धरला, कळलंच नाही.

आईच्या पापण्या हलल्या. तिनं ती अनोळखी माणसं पाहिली, नळी पाहिली, मग बाबांना शोधलं.

"अहो," ती क्षीण आवाजात म्हणाली, "चंद्र उगवला का?"

माझे बाबा नेमधर्माचे पक्के. इथल्या ढगाळ थंडीतही बूट चढवून अंगणात जायचे आणि स्वतःच्या डोळ्यांनी चंद्र पाहिल्याशिवाय आईला पानावर बसू द्यायचे नाहीत. खिडकीबाहेर लख्ख पांढरी दुपार होती.

"उगवला गं," बाबा म्हणाले. "आत्ताच बघून आलो."