गुळाचा कोरा चहा आणि माझं हरवलेलं लोह

लाल माठ कढईत पडला की त्याचा जो ओलसर, मातकट, किंचित गोड वास उठतो, त्याचं मला लहानपणापासून वेड आहे. लसणाची फोडणी चरचरते, पानं आळतात, आणि बघता बघता ताटातला शुभ्र भात त्या रसानं गुलाबी होऊन जातो. जुडी वसईजवळच्या गिरीज गावच्या वाडीतली असली तर मग विचारूच नका! पण मधल्या काही महिन्यांत ह्या रंगाकडे मला निर्मळ मनानं पाहताच आलं नाही. पहिला घास उचलला की मनात येई, ह्यातलं माझ्या रक्तात नेमकं किती उतरणार?

कारण माझ्या रक्तातलं लोह आटलं होतं. केवढी ही विसंगती! बोळिंजच्या आमच्या घरात खाऱ्या वाऱ्यानं खिडक्यांच्या जाळ्या गंजतात, नुसतं बोट फिरवलं तरी तांबूस भुकटी हाताला लागते. बाहेर लोखंड असं झडून वाया चाललेलं, आणि आत, ह्या देहात, त्याच्या कणाकणासाठी मी आसुसलेली. जिना चढताना छाती भरून येई, केस विंचरताना फणी बघवत नसे. गर्भाशयात गाठ होती आणि दर महिन्याला ती मला रिकामी करून जात होती. शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नव्हतं. पण आमच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, आधी रक्त वाढू दे, मग बघू.

आणि त्यात मी पडले दूधही न घेणारी! मासळी माहेरी देशावर कधी शिजलीच नव्हती. सासरी वसईच्या खाडीकाठी आले तरी ती माझ्या ताटात आली नाही. दूध मात्र मी आवडीनं प्यायची. ते सुटलं चांदीप गावात. मावसबहिणीच्या गोठ्यात म्हशीचं रेडकू मेलं होतं, आणि म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं केलं होतं. ती त्याला चाटत होती. इतक्या मायेनं, इतक्या एकाग्रतेनं चाटत होती, की मला तिथे उभं राहवेना. बहिणीला मी काय बोलणार? तिचं घर त्या म्हशीवर चालतं, आणि रेडकू गेल्याचं दुःख तिलाही होतंच. पण घरी आल्यावर दुधाचा कप ओठांशी नेला आणि तसाच खाली ठेवला. त्या दिवसापासून दूध, दही, तूप सगळं थांबलं. ह्याला व्हिगन म्हणतात हे मला नंतर कळलं. मी आपली एका आईची लाज राखत होते, एवढंच.

आमच्या सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. जन्म खाडीकाठी गेलेला, भात आणि मासळीवर पोसलेला त्यांचा पिंड. माझा पांढराफटक चेहरा पाहून त्या कळवळत, आणि कळवळल्या की रागावत. “पाला खाऊन कोनाला रगत आलंय काय? जवळ्याचं वाटीभर पानी पी, बघ कशी तरतरीत होशील!” मीही काही कमी तिखट नाही. “आई, मग त्या जवळ्यालाच विचारा, त्याचं रक्त मला द्यायचंय का!” असं म्हणून मी स्वयंपाकघरात निघून जाई. आमचे हे दोघींच्या मध्ये बसून वर्तमानपत्रात डोकं घालत.

मग मी इरेला पेटले. माळ्यावरची लोखंडी कढई खाली आली. नाचणी, राजगिरा, काळे तीळ, कुळीथ, शेवग्याचा पाला, सगळ्यांची रांग लागली. नारळाच्या पाण्यात हळीव भिजवून गुळातले लाडू वळले, तर शेजारीण डबा पाहून डोळे मिचकावत म्हणाली, “काय हो वहिनी, बाळंतीण कोण आहे?” आता सांगा! आमच्याकडे ना सून, ना लेक. ह्या वयात मीच पुन्हा बाळंत व्हायची बाकी राहिले होते! आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो, आणि हसता हसता मला धाप लागली. जोडीला लोहाची गोळीही चालू होतीच.

पुढच्या तपासणीत रक्त जागचं हललं नव्हतं. रिक्षातून परतताना मी रडले, भर रस्त्यात रडले. म्हणजे आता काय? एका मुक्या जिवापायी धरलेला हट्ट सोडायचा, की हे असं झिजत राहायचं? दया ही फक्त धडधाकट माणसांनीच करायची चैन आहे का?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारलं, “गोळी कशाबरोबर घेता?” मी ताठ मानेनं सांगितलं, “चहाबरोबर. कोरा, गुळाचा. नाश्त्यावर, जेवणावर, तोच घेते मी.” बाईंनी तिथेच चूक पकडली. अहो, तो चहाच माझ्या अन्नातलं नि गोळीतलं लोह अडवून धरत होता! पोह्यांवर चहा, भाकरीवर चहा, आला-गेला की चहा. आपल्याकडे चहाला वेळ नसते आणि नाहीही म्हणवत नाही. ज्याच्यातून मी मोठ्या तत्त्वानं दूध काढून टाकलं, त्यानंच मला घरात बसून लुटावं! बाई म्हणाल्या, नेम मोडू नका, चहाची वेळ मोडा. जेवणाआधी-नंतर तासभर तरी तो नको. ताटात लिंबू, आवळा, पेरू असू द्या. गोळी मी सांगते तशीच घ्या, आणि बी-ट्वेल्व्हही वेगळं घ्यावं लागेल.

त्या दुपारी जेवण झालं आणि ह्यांनी चहाचं भांडं खाली काढलंच नाही. लग्न झाल्यापासून एकही दुपार ह्यांची चहाशिवाय गेल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, “अहो, तुम्ही कशाला सोडताय? तुमचं रक्त ठणठणीत आहे.” तर म्हणाले, “वास आला की तू पिशील. ओळखतो मी तुला.” सासूबाईंनी माझ्या भाजीवर लिंबाची फोड पिळायला सुरुवात केली, बियासुद्धा वेचून काढत. मासळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

रक्त हळूहळू चढलं. परवा बाईंनी समाधानानं मान हलवली आणि शस्त्रक्रियेची तारीख दिली. घरी येऊन जेवलो, आणि आनंदाच्या भरात मीच ह्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवायला उठले. ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “तास होऊ दे,” म्हणाले, “मग दोघं घेऊ.”

आम्ही गॅलरीत जाऊन बसलो. हाती कप नाही, पेपर नाही, उठून करायचं काही काम नाही. संसारातल्या इतक्या दुपारी आम्ही चहा संपवून आपापल्या वाटेला लागलो. असं रिकामं, एकमेकांसमोर, कधी बसलो होतो? इतके महिने मी रक्त वाढावं म्हणून धडपडत होते, आणि ते वाढलं तेव्हा कळलं, की आता खरोखरच शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊन झोपायचं आहे. मी म्हटलं, “मला भीती वाटतेय हो.”

ह्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग माझा हात आपल्या हातात घेऊन म्हणाले, “मला तर पहिल्या दिवसापासून वाटतेय.”