पायरीवरची बिडी

लातूरला शाळेत नोकरी लागली तेव्हा मी एका गल्लीत माडीवरची खोली भाड्यानं घेतली. खाली गाद्या भरायचं दुकान होतं. दुकानदार माझ्यापेक्षा बरेच मोठे. सगळी गल्ली त्यांना भाई म्हणायची, मीही म्हणू लागलो. मी अहमदपूरकडचा, लग्न व्हायचं होतं, शहरात ओळखीचं कुणी नव्हतं. शाळा सुटल्यावरची संध्याकाळ अंगावर यायची.

दुकानात जिकडंतिकडं कापूस. त्यामुळं भाईंना आत बिडी ओढता यायची नाही. तलफ आली की दाभण गादीत तसंच खुपसून ठेवायचं, मिशीवरचा कापूस झटकायचा आणि बाहेर पायरीवर येऊन बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. एकदा मी तोंडात सिगारेट धरून, खिसे चाचपत जिना उतरलो.

"मास्तर, काडीपेटी हुडकून राहिले का? ह्याच्यावरच लावा की." त्यांनी पेटती बिडी पुढं केली.

मी वाकलो. वाऱ्याला त्यांनी तळहात आडवा धरला. परक्या माणसाच्या इतकं जवळ तोंड नेण्याची वेळ दुसऱ्या कुठल्या कारणानं येत नाही. सिगारेट पेटली, पण मी उभाच राहिलो, तेव्हा ते थोडे सरकले आणि मला जागा झाली.

पुढं मीही बिडीवरच आलो. रोज शाळेतून आलो की आधी पायरी, मग खोली. समोरचा सायकलवाला यायचा, कधी गादी न्यायला आलेलं गिऱ्हाईक टेकायचं. बिडी संपेपर्यंत बसायचं आणि उठावंसं वाटलं नाही तर दुसरी लावायची. बसण्यासाठी वेगळं कारण द्यावं लागत नव्हतं. रमजानात भाई दिवसभर बिडीला हात लावायचे नाहीत. मग त्यांच्यासमोर मलाही ओढवेना. संध्याकाळी मशिदीतून आवाज आला की ते खजूर खायचे, पाणी प्यायचे, अर्धा खजूर माझ्या हातावर ठेवायचे आणि मग एका काडीवर दोघांच्या बिड्या. पहिल्या झुरक्याला डोकं गरगरायचं. आम्ही दोघंही भिंतीला टेकून वेड्यासारखे हसायचो.

भूकंप झाला त्या पहाटे आमची गल्ली नुसती हादरली. किल्लारीकडची गावं मात्र झोपेतच गेली. काही दिवसांनी भाईंनी दुकानात होत्या तेवढ्या गाद्या आणि रजया टेम्पोत भरल्या. "चला मास्तर," म्हणाले, "उतरवायला माणूस लागंल."

आम्ही पोचलो तिथं गाव असं राहिलंच नव्हतं. दगडमातीचे ढीग आणि औषध मारल्याचा वास. सामान उतरवून झाल्यावर एका ढिगाजवळ पन्नाशीचा एक माणूस बसलेला दिसला. हे त्याचं घर होतं, असं एकानं सांगितलं. तो कुणाशी बोलत नव्हता, धड जेवतही नव्हता. मदतीला आलेल्या पोरांनी बिस्किटं पुढ्यात ठेवली होती, ती तशीच पडली होती.

भाई जाऊन त्याच्या शेजारी बसले. बिडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि काही न बोलता त्याच्याकडं केली. त्यानं ती घेतली. बराच वेळ नुसताच ओढत राहिला. मग समोर बघतच म्हणाला, "तिला ह्याचा वास सहन व्हायचा न्हाई."



"घरात येऊ द्यायची न्हाई रातच्याला. म्हणून मी अंगणात निजायचो." थोड्या वेळानं तो म्हणाला, "आत सगळे हुते."

बिडी बोटांना चटका देईपर्यंत त्यानं ओढली. भाईंनी उरलेला बिड्यांचा कट्टा आणि काडीपेटी त्याच्या गुडघ्याजवळ ठेवली. ती त्यानं उचलली की नाही, ते बघायला आम्ही थांबलो नाही. परतताना टेम्पोत मी म्हटलं, "भाई, तुम्ही त्याला बोलतं केलं."

ते चिडले. "कुछ नहीं मास्तर. मलाच तलफ आली होती. एकट्यानं ओढायचं जिवावर आलं, इतकंच."

त्यानंतरच्या वर्षांत लातूर झपाट्यानं बदललं. गल्लीत क्लासेस आले, त्यांच्यामागून मेस आणि होस्टेलं. गुणवंतांच्या फोटोंचे फलक इतके झाले, की समोरचं सायकलचं दुकान दिसेना. सुरुवातीला भाईंची चंगळ झाली, कारण दर जूनला गावोगावची पोरं यायची आणि प्रत्येकाला एकेरी गादी लागायची. तोवर माझं लग्न झालं होतं, मुलगी झाली होती; मीही शिकवण्या घेऊ लागलो. एका संध्याकाळी उदगीरहून आलेले एक पालक पायरीसमोर थांबले आणि हात जोडून म्हणाले, "सर, राग मानू नका, पण पोरं बघतात तुमच्याकडं." मी बिडी विझवली. दुसऱ्या दिवसापासून मी जिन्याच्या मागं, पाण्याच्या मोटारीजवळ उभा राहून ओढू लागलो. भाई पायरीवर, मी मागं.

मग मालकानं इमारत पाडायला काढली. भाई नांदेडला मुलाकडं गेले. मी नव्या वसाहतीत घर बांधलं. छातीचं दुखणं निघाल्यावर डॉक्टरांनी बिडी सोडायला लावली. पुढं बायको वारली, मुलगी पुण्याला स्थायिक झाली.

निवृत्तीनंतर एकदा भाईंना भेटायला नांदेडला गेलो. देगलूर नाक्याजवळ मुलाचं घर होतं. भाई पलंगावर बसले होते, अगदी वाळलेले. मला बघून त्यांनी दोन्ही हात धरले. सुनेनं चहा आणला. तब्येतीचं झालं, मुलाबाळांचं झालं. त्यांनीही बिडी सोडली होती. मग दोघांनाही काही सुचेना. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, ते चादरीचा दोरा ओढत होते. पूर्वीही आम्ही असे कितीदा गप्प बसलो होतो, पण ते गप्प बसणं कधी टोचलं नव्हतं.

अखेर भाईच म्हणाले, "मास्तर, एवढी सालं आपण बोलत काय होतो हो?"

"आठवत नाही, भाई."

"मलाबी न्हाई." ते हसले, पण खोकला आला.

मुक्कामाच्या तयारीनं गेलो होतो, पण संध्याकाळच्या गाडीनंच लातूरला परतलो. थांबा असा आग्रह त्यांनी केला नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं, आणि तेच अहमदपूर येईपर्यंत मनाला खात राहिलं.

ईदला मी फोन करायचो. दोन ईदनंतर फोन मुलानं उचलला आणि अब्बा गेले म्हणून सांगितलं.

आता संध्याकाळी मी मैदानावर चालायला जातो. माझ्या वयाचे पुष्कळ जण येतात. सगळे भराभर चालतात, कुणी मोबाईलवर पावलं बघतं, समोरून येताना हात वर करून नमस्कार करतात आणि पुढं जातात. एखाद्याला थांबवून दोन शब्द बोलावंसं वाटतं. पण चालत्या माणसाला काय म्हणून थांबवायचं, ते मला सुचत नाही.